पेशींतील वाटा व वाहक

(निफाड येथील एका निवृत्त शाळामास्तरांचें नभोवाणीवरील भाषण)



आजचा माझा विषय वाहतुकीचा आहे. निफाड तालुक्यांत राहणाऱ्या माणसाला हा विषय सुचावा यांत नवल नाहीं. लासलगांवच्या बाजारांत कांद्याचा हंगाम ऐन भरांत असला म्हणजे गाड्यांची रांग कोठवर जाते, आणि द्राक्षें तोडल्यापासून तीं न्हावाशेवा बंदरावर पोंचेपर्यंत बागाइतदाराचा जीव कसा टांगणीस लागतो, हें आम्ही नित्य पाहतों. माल पिकविणें हें अर्धेंच काम. तो वेळेवर व योग्य ठिकाणीं पोंचविणें हें उरलेलें अर्धें. परंतु मी सांगणार आहें ती वाहतूक लासलगांवची नव्हे. ती आपणां प्रत्येकाच्या शरीरांत, प्रत्येक पेशींत, आपण हें भाषण ऐकत असतांनाच चालू आहे.

शाळेच्या पुस्तकांतील पेशीचें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. एक वाटोळी रेघ, मध्यें केंद्रकाचा गोल, आणि उरलेल्या जागेंत पेशीरस. चित्र सोयीचें आहे. पण तें पाहून असा समज होतो कीं, पेशी म्हणजे पातळ पेजेनें भरलेली एक पिशवी असून तिच्यांतील पदार्थ वाटेल तसे तरंगत असतात. वस्तुस्थिति निराळी आहे. पेशींत प्रथिनें एका ठिकाणीं तयार होतात व दुसऱ्या ठिकाणीं लागतात. शक्तीचा पुरवठा करणारे मायटोकॉन्ड्रिया नांवाचे कण जेथें काम अधिक तेथें न्यावे लागतात. जीर्ण झालेले भाग मोडीत काढण्यासाठीं परत आणावे लागतात. हा सगळा माल आपोआप आपापल्या जागीं पोंचेल काय?

पाण्यानें भरलेल्या पेल्यांत शाईचा एक थेंब टाकावा. कोणी न ढवळतांहि ती शाई हळूहळू पसरते. कारण द्रवाचे सूक्ष्म कण एकमेकांवर सतत आदळत असतात. या पसरण्यास विसरण म्हणतात. त्याचा एक नियम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. अंतर दुप्पट झालें तर लागणारा वेळ चौपट होतो; अंतर दसपट झालें तर वेळ शंभरपट. एखादें लहानसें प्रथिन पेशीरसांत दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, इतकें अंतर या रीतीनें सुमारें ५ सेकंदांत ओलांडतें. साधारण पेशीची रुंदी तेवढीच असते. तेव्हां तेथें फारशी अडचण पडत नाहीं.

आतां मेरुरज्जूंतील एखादी मज्जापेशी घ्या. तिचा एक लांब तंतु कमरेपासून निघून थेट पावलाच्या स्नायूपर्यंत जातो. उंच माणसांत तो जवळजवळ १ मीटर भरतो. तंतूला लागणारीं बहुतेक प्रथिनें मात्र वर, पेशीच्या मुख्य देहांत तयार होतात. १ मीटर म्हणजे दहा मायक्रॉनांच्या एक लक्ष पट. अंतर लक्षपट, म्हणून वेळ लक्षाच्या वर्गाइतका, म्हणजे एक हजार कोटी पट. ५ सेकंदांना त्या संख्येनें गुणून वर्षें करून पाहिलीं, तर तीं दीड हजारांहून अधिक होतात. वाकाटकांच्या राज्यांत निघालेलें प्रथिन आज कोठें पायाच्या अंगठ्यापाशीं आलें असतें! प्रत्यक्षांत त्या तंतूंतील जलद माल दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत मजल मारतो, व अडीच-तीन दिवसांत मुक्कामीं पोंचतो. यावरून हा माल तरंगत जात नसून वाहून नेला जातो हें उघड होतें.

असा प्रवाह असला पाहिजे याचा एक सुंदर पुरावा १९४८ सालीं अमेरिकेंत पॉल वाइस व हेलन हिस्को यांनीं दिला. त्यांनीं प्राण्याच्या मज्जातंतूला मध्येंच एक आंवळा घातला. कांहीं काळानें आंवळ्याच्या अलीकडे, म्हणजे पेशीदेहाच्या बाजूस, तंतु फुगला. पलीकडे तो बारीकच राहिला. आंवळा काढतांच तुंबलेला माल पुढें सरकूं लागला. पाटाला बांध घातल्यावर पाणी अलीकडे चढतें, तसाच हा प्रकार. परंतु माल वाहतो एवढें कळलें, तरी तो कशावरून जातो आणि त्याला कोण नेतें, हे दोन प्रश्न शिल्लक राहिले.

पहिल्याचें उत्तर असें. पेशीच्या आंत प्रथिनांच्या धाग्यांचें एक जाळें पसरलेलें असतें. त्यास पेशीचा सांगाडा म्हणतात. मात्र हाडांच्या सांगाड्यासारखा तो कायमचा नसतो. त्यांत तीन प्रकारचे धागे आहेत. ॲक्टिनचे धागे सर्वांत बारीक, सुमारें ७ नॅनोमीटर जाडीचे. मध्यम जातीचे धागे सुमारें १० नॅनोमीटरांचे. त्यांचें मुख्य काम पेशीला बळकटी देण्याचें. तिसऱ्या म्हणजे सूक्ष्मनलिका. त्या २५ नॅनोमीटर रुंद व आंतून पोकळ असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. तेव्हां आपल्या एका केसाच्या जाडींत अशा दोन ते चार हजार नळ्या शेजारीं शेजारीं मावतील. लांबच्या वाहतुकीचे हमरस्ते याच होत. ॲक्टिनचे धागे हे जवळपासच्या गल्ल्या.

सूक्ष्मनलिका ट्यूब्युलिन नांवाच्या प्रथिनाच्या जोड्यांनीं बनते. या जोड्या एकीपुढें एक लागून ओळ होते, आणि अशा बहुधा तेरा ओळी वर्तुळांत उभ्या राहिल्या कीं नळी तयार होते. प्रत्येक जोडी एकाच दिशेनें बसविलेली असते. त्यामुळें नळीचीं दोन टोकें सारखीं नसतात. उंसाचें उदाहरण घ्या. उंस पेऱ्यापेऱ्यांनीं वाढतो, आणि कोठूनहि तोडला तरी त्याचा बुडखा कोणता व शेंडा कोणता हें शेतकरी पेरें पाहूनच सांगतो. सूक्ष्मनलिकेलाहि असाच बुडखा व शेंडा आहे. बहुतेक पेशींत बुडखे केंद्रकाजवळ असतात व शेंडे पेशीच्या कडेकडे रोखलेले असतात. मज्जापेशीच्या लांब तंतूंत एकच अखंड नळी नसते. अनेक नळ्या एकमेकींना लगटून पुढें गेलेल्या असतात. परंतु त्या सर्वांचे शेंडे तंतूच्या टोकाकडेच असतात. याचा अर्थ असा कीं, ज्याला बुडखा व शेंडा ओळखतां येतो, त्याला पेशीचा नकाशा ठाऊक नसला तरी बाहेर कोणीकडे व आंत कोणीकडे हें बिनचूक कळतें.

आतां वाहक. १९८५ सालीं रोनल्ड वेल, टॉमस रीज व मायकेल शीट्झ यांनीं माकूळ नांवाच्या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूंतून एक प्रथिन वेगळें केलें. त्यास किनेसिन असें नांव मिळालें. त्याला दोन पाय आहेत म्हटलें तरी चालेल. एक पाय नळीवर रोंवलेला असतो, तोंवर दुसरा पुढें पडतो. दर पाउलाला ८ नॅनोमीटर अंतर कापलें जातें. हें पाऊल १९९३ सालीं प्रत्यक्ष मोजलें गेलें. प्रत्येक पाउलास एटीपी नांवाच्या इंधनाचा एक रेणु खर्चीं पडतो. एका सेकंदांत अशीं शंभरेक पावलें पडतात. किनेसिनाच्या कुळांतील बहुतेक वाहक शेंड्याकडे जातात. उलट दिशेचा, बुडख्याकडे जाणारा वाहक डायनीन. पेशींतील मालवाहू डायनीनाची ओळख १९८७ सालीं पटली. ॲक्टिनच्या गल्ल्यांतून मायोसिन नांवाचे वाहक फिरतात.

८ नॅनोमीटरांच्या पाउलानें १ मीटर चालावयाचें म्हणजे साडेबारा कोटी पावलें टाकावीं लागतात. एकटा वाहक हें करीत नाहीं. तो शंभरेक पावलें चालला कीं त्याचा पाय नळीवरून सुटतो. परंतु एका ओझ्याला अनेक वाहक लागलेले असतात; एक सुटला तरी दुसऱ्यानें धरलेलें असतें, आणि सुटलेला पुन्हां येऊन पाय रोंवतो. पालखीचे भोई खांदा बदलतात, पण पालखी जमिनीवर टेंकत नाहीं, तसेंच हें.

यांत एक गोष्ट मात्र चमत्कारिक आहे. एकाच ओझ्यावर किनेसिन व डायनीन हे दोघेहि बसलेले आढळतात. मग ओझें कोणीकडे जाणार? या प्रश्नावर महत्त्वाचें काम मुंबईंत झालें. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत डॉ. रूप मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रकाशाच्या चिमट्यानें हें बळ मोजलें. लेसरचा किरण एका बिंदूवर एकवटला असतां तो सूक्ष्म कणाला जागच्या जागीं धरून ठेवतो. वाहकानें कण ओढला कीं तो बिंदूपासून किती सरकतो हें पाहून ओढीचा हिशेब करतां येतो. एक ग्रॅम वजनाला पृथ्वी ज्या जोरानें ओढते त्याचा सुमारें एक हजार कोटींवा भाग म्हणजे एक पिकोन्यूटन. एकटा किनेसिन अशीं पांच-सहा पिकोन्यूटन ओढ देतो. एकटा डायनीन जेमतेम एक. अर्थात् हें द्वंद्वयुद्ध असतें तर डायनीन हरलाच असता.

पण तें द्वंद्वयुद्ध नसतें. भार वाढला कीं डायनीन आपलें पाऊल आंखूड करतो. मोकळा असतां तो २४ किंवा ३२ नॅनोमीटरांची ढांग टाकतो, जड ओढतांना ८ वर येतो. हें मल्लिक यांनीं व अमेरिकेंतील त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालींच दाखविलें होतें. याचा परिणाम २०१३ सालीं मुंबईच्या प्रयोगांत दिसून आला. टोळींतील सर्वांत पुढच्या डायनीनावर भार अधिक पडतो, म्हणून तो आंखूड पावलें टाकतो. मागचे मोकळे असल्यामुळें लांब टाकून त्याला गांठतात. आणि मग सगळे जवळजवळ येऊन भार वांटून घेतात. शिवाय भार वाढला कीं डायनीनाची नळीवरील पकड सैल न होतां उलट टिकून राहते. घाट चढतांना उंसाच्या गाडीला दोन जोड्या जुंपल्या, पण पुढची जोडी मागच्या जोडीची वाट न पाहतां ओढूं लागली, तर दोन जोड्यांचा उपयोग एकीइतकाच होतो. किनेसिनाचें थोडेंबहुत तसें आहे. तो एकेकटा बळकट, पण त्याला सोबत्याबरोबर भार वांटतां येत नाहीं. डायनीन दुबळा, पण त्याची जूट भारी. या संशोधनाबद्दल मल्लिक यांना २०१४ सालीं शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक व २०१८ सालीं इन्फोसिस पारितोषिक मिळालें. पुढें ते पवईच्या आयआयटींत गेले.

ही गोष्ट केवळ कौतुकाची नाहीं; हिच्यावर आपला जीव अवलंबून आहे. रक्तांतील व ऊतींतील भक्षक पेशी रोगजंतूला गिळतात, तेव्हां तो एका पिशवींत बंद होतो. ही पिशवी प्रथम मागेंपुढें हेलकावे खाते, आणि नंतर सरळ पेशीच्या मध्यभागाकडे ओढली जाते. तेथें पाचक रसांच्या पिशव्या असतात. त्यांच्याशीं तिची गांठ पडली कीं जंतूचा नाश होतो. मुंबईच्या याच प्रयोगशाळेनें २०१६ सालीं दाखविलें कीं, पिशवी जुनी होऊं लागली म्हणजे तिच्या आवरणावर कोलेस्टेरॉलनें युक्त अशीं लहान बेटें बनतात, डायनीन त्या बेटांवर घोळक्यानें जमतात, आणि अनेकजण मिळून एकाच नळीवर ओढूं लागतात. आतां काळा आजार घडवून आणणाऱ्या लीशमानिया डोनोव्हानी या परजीवीचा डाव पाहा. त्याच्या अंगावरील एक स्निग्धशर्करा त्या बेटांचीच मोडतोड करते. तो वाहकांना मारीत नाहीं, रस्ता उखडीत नाहीं. तो वाहकांना एकत्र जमूं देत नाहीं. तेवढ्यानें पिशवी वाटेंत रेंगाळते आणि शत्रु आंत सुखरूप राहतो.

दुसरें उदाहरण यकृताचें. उपासाच्या वेळीं शरीरांत सांठविलेला मेद रक्तावाटे यकृतांत येतो व तेथें त्याचे थेंब बनून राहतात. यकृतानें तो सगळा लगेच रक्तांत लोटला तर रक्तांतील मेद भलताच वाढेल. आमच्याकडे चाळींत भरलेला कांदा शेतकरी एकदम बाहेर काढीत नाहीं. यकृतहि तसेंच करतें. उंदरांच्या यकृतावर मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेलें हें संशोधन २०१७ व २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. जेवणानंतर रक्तांत इन्सुलिन वाढतें. त्याच्या इशाऱ्यानें मेदाच्या थेंबावर एक विशिष्ट स्निग्ध पदार्थ तयार होतो, व त्याला किनेसिन येऊन चिकटतो. मग किनेसिन थेंबाला पेशीच्या कडेकडील भागांत ओढून नेतो, आणि तेथें त्यांतील मेद रक्तांत पाठविण्याजोग्या कणांत बांधला जातो. उपाशीपोटीं इन्सुलिन उतरतें, किनेसिन थेंबावरून सुटतो, आणि थेंब आंतच थांबतो. गाडीला बैल जुंपले नाहींत म्हणजे माल कोठारांत राहतो, इतकी ही व्यवस्था साधी आहे. यकृतांत मेद सांचण्याचा विकार आज शहरांतील घरोघरीं ऐकूं येतो. त्याचा विचार करतांना या बारीक वाहतुकीकडे पाहावें लागतें.

लांब वाटेवर गर्दी व्हावयाचीच. त्याच टाटा संस्थेंतील डॉ. संध्या कौशिका व त्यांचे सहकारी मातींतील एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीवर प्रयोग करतात. हा कृमि पारदर्शक असल्यामुळें चकाकणारी खूण लावलेला माल त्याच्या जिवंत मज्जातंतूंतून जातांना सूक्ष्मदर्शकांतून दिसतो. २०१८ सालीं त्यांनीं असें दाखविलें कीं, तंतूंत जेथें ॲक्टिनचे धागे दाट असतात तेथें ओझीं थांबतात, थांबलेल्या ओझ्यांमुळें मागून येणारीं अडतात, आणि जागोजाग लहान-लहान कोंडी होते. हें निरोगी तंतूंतहि घडतें. अशी कोंडी सुटत गेली तर कांहीं बिघडत नाहीं. ती सुटली नाहीं, तर मात्र पलीकडच्या टोंकाला उपासमार.

रस्ताच मोडला तर काय होतें, हें दोन परिचित वनस्पति आपणांस सांगतात. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या कुंपणाकुंपणांवर कळलावीचें लालपिवळें, ज्वालेसारखें फूल उमलतें. तिच्या कंदांत व बियांत कोल्चिसिन नांवाचें जहाल विष आहे. तें ट्यूब्युलिनला जाऊन चिकटतें व नळ्या बनूंच देत नाहीं. १९६७ सालीं बोरिसी व टेलर यांनीं पेशींत कोल्चिसिन कशाला चिकटतें हें शोधलें, आणि त्यांतूनच ट्यूब्युलिनचा पत्ता लागला. दुसरी वनस्पति सदाफुली. ती तर पुष्कळांच्या दारीं आहे. तिच्यापासून काढलेलीं व्हिन्ब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन हीं औषधें कर्करोगावर देतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत व्हिन्क्रिस्टिनचा फार उपयोग झाला आहे. पेशी दुभंगतांना गुणसूत्रांची वांटणी याच नळ्यांवर होते. नळ्या बिघडल्या कीं भराभर वाढणारी रोगट पेशी दुभंगूं शकत नाहीं व मरते. परंतु ज्या पेशी दुभंगत नाहींत, त्यांनाहि वाहतुकीसाठीं नळ्या हव्याच असतात. म्हणून व्हिन्क्रिस्टिन घेणाऱ्या रोग्याच्या हातापायांना मुंग्या येतात व बधिरपणा जाणवतो; आणि तो पायांच्या व हातांच्या बोटांपासून सुरू होतो. कारण उघड आहे. ज्याची वाट सर्वांत लांब, त्याला रस्ता मोडल्याची झळ सर्वांत आधीं लागते. या दोन्ही वनस्पतींचा पाला, मूळ अथवा बीं घरगुती औषध म्हणून कोणींहि पोटांत घेऊं नये, हें येथें आग्रहानें सांगतों.

सारांश, या सर्व व्यवहारावर देखरेख करणारा कोणी मुकादम पेशींत नाहीं. रस्त्याला दिशा आहे. वाहकाला एकच दिशा कळते. आणि ओझ्यावर कोणते वाहक किती व कसे जमले यावरून त्याचा प्रवास ठरतो. रोग येतो तोहि या तिहींपैकीं कोठें तरी बोट घालून: रस्त्यावर, वाहकावर, किंवा वाहक व ओझें यांच्यामधील गांठीवर.

कधीं कधीं तर रोग या व्यवस्थेचाच प्रवासी होतो. पिसाळलेलें कुत्रें चावलें असतां विषाणु जखमेंतून मज्जातंतूच्या टोकांत शिरतो, आणि डायनीन ज्या वाटेनें माल आंत नेतो त्याच वाटेनें मेरुरज्जूकडे व तेथून मेंदूकडे जातो. म्हणून चेहऱ्यावरील किंवा मानेवरील चावा पायावरील चाव्यापेक्षां अधिक धोक्याचा. तेथून मेंदूची वाट थोडी. मेंदूंत पोंचल्यावर या रोगावर उपाय जवळजवळ नाहींच. परंतु विषाणु स्नायूंत कांहीं काळ रेंगाळतो, व मग त्याला वाट चालावी लागते. त्यांत बहुधा कित्येक आठवडे किंवा महिने जातात. तेवढाच आपला अवधि. जखम ताबडतोब साबणानें व वाहत्या पाण्यानें निदान पंधरा मिनिटें धुवावी, हळद-चुना भरण्यांत वेळ दवडूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घेण्यास आरंभ करावा. शत्रूची वाट आपणांस आतां ठाऊक झाली आहे. तो ती पुरी चालण्यापूर्वीं आपण दवाखान्याची वाट धरावी, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.